गारपीट, गारगोटी आणि राहून गेलेलं तुरळक

जुळे सोलापुरातून एका वाचकांनी विचारलंय : "पुढच्या तीन दिवसांच्या देशभराच्या अंदाजात 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी गारपीठ' असं ऐकलं. तुरळक म्हणजे गारा थोड्याच पडणार का? गावाकडं द्राक्षं अजून बागेत आहेत."

तुरळकचं सांगतो. आधी ते पीठ चक्कीत परत नेऊन टाका. गारांचं दळण कुणी काढलेलं नाही. शब्द आहे गारपीट. पिटणे म्हणजे बडवणे. दवंडी पिटतात, छाती पिटतात, आणि स्टँडवर रिक्षा मिळाली नाही की घरापर्यंत होते ती पायपीट. तिला कुणी पायपीठ म्हणत नाही, मग गारेनंच तुमचं काय घोडं मारलंय? पण वाहिन्यांच्या पट्ट्यांवर उन्हाळाभर हे पीठ सांडलेलं असतं.

त्यातून ती 'अवकाळी गारपीठ' असली की पाहायलाच नको. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात आपल्या जिल्ह्याला गारांनी झोडपलं, तेव्हा रानात ज्वारी होती. ते अवकाळीच, तिथं वाद नाही. पण वैशाखात दिवसभर भाजून निघाल्यावर चार वाजता अंधारून येतं, वावटळ उठते, कुणाचे तरी पत्रे उडतात आणि सर कोसळून जाते, तो वळीव. त्याचा काळ ठरलेला आहे. हवामान खातंही मार्च ते मे हा मोसमीपूर्व हंगामच धरतं. बंगाल्यांनी त्यांच्या वादळाला महिन्यासकट नाव ठेवलंय, कालबैशाखी. त्याला अवकाळी म्हणून बघा एकदा कोलकात्यात. (वळीव 'वळणे'वरून आला म्हणतात. असेल. मला आज गारेशी काम आहे.)

आमचे एक व्याकरणप्रेमी स्नेही दर सभेत ठासून सांगतात, "गार म्हणजे थंड, म्हणून आभाळातून पडते ती गार." इतकं सोपं असतं तर रांजणातल्या पाण्यालाही आपण 'एक तांब्या गार' म्हटलं असतं. ते एक गोष्ट विसरतात. गार हा दगडही आहे. पांढरा, कठीण, गुळगुळीत. त्याचाच तुकडा म्हणजे गारगोटी. काडेपेट्या येण्याआधी चकमकीच्या पोलादावर हीच गार आपटून ठिणगी पाडत. थंड हा अर्थ पहिला असता, तर ज्यातून विस्तव निघतो त्या दगडाचं नाव गार कोण ठेवेल? स्नेह्यांनी याचं उत्तर अजून दिलेलं नाही, चहा मात्र दोनदा घेतला.

माझं म्हणणं असं, की आधी दगड, मग दगडासारखी आभाळातून पडणारी ती गार, आणि तिच्या स्पर्शावरून थंड या अर्थाचं गार. पुरावा शेजारीपाजारीच आहे. सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगूत गारांना वडगळ्ळु म्हणतात. त्यातला कल्लु म्हणजे दगड. वरंगळचं जुनं नाव ओरुगल्लु, एकशिला, त्यातलाच. अक्कलकोटकडं कानडीत आलिकल्लु, पुन्हा दगडच. हिंदीतला ओला संस्कृत उपलापासून आला, आणि उपल म्हणजे दगड. अमरकोशात तर सरळ 'वर्षोपलस्तु करका' आहे, पावसाचा दगड तो करका. एवढ्या भाषांना जे आधी दगड म्हणून लागलं, ते मराठीलाच तेवढं थंड लागलं? 'हिरवागार'चं काय, असं विचारणाऱ्यांना सांगतो की तिथं गार नुसता जोर द्यायला आलाय, त्याला मध्ये ओढू नका.

गार फोडून पाहिलीत तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. तापलेल्या जमिनीवरून उसळणारी हवा गोठलेला थेंब ढगात वर उचलून धरते, तिथं त्याच्यावर बर्फाची पुटं चढत जातात, आणि वजन पेलेनासं झालं की तो सुटतो. म्हणजे घडणही दगडासारखीच, थरावर थर.

हां, तुरळक. ते ठिकाणांचं विशेषण आहे, गारांचं नव्हे. खात्याच्या हिशेबात विभागातल्या एक ते 25 टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असला की 'तुरळक ठिकाणी', 26 ते 50 असला की 'काही ठिकाणी'. तुमची बाग त्या तुरळकात आली तर गारा थोड्या पडतील, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. काढणीजोगे घड असतील तर उतरवून घ्या.