वाचकांचे प्रश्न: 'रश'चं '२११२', वीस मिनिटांचं गाणं आणि गिटार जुळवणारा पोरगा

मागच्या अंकात कॅनडातल्या टोरांटोच्या 'रश' या तिघांच्या रॉक बँडवर आणि त्यांच्या १९७६च्या '२११२' अल्बमवर लिहिलं होतं. एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं खरं. त्यातले चार घेतलेत.

प्र. अल्बम लावला. सुरुवातीची चार-साडेचार मिनिटं नुसतं म्युझिक, एकदम भारी. मग तो गायक किंचाळायला लागला, तेही सहन केलं, पण नंतर कोणीतरी गिटार नुसती टुणटुण वाजवत बसलंय, बॅकग्राउंडला पाण्याचा आवाज. मी पुढे ढकललं. चुकलं का काही? (सांगली)

चुकलं, आणि नेमकं नको तिथे चुकलं! अल्बमची पहिली अख्खी बाजू म्हणजे साडेवीस मिनिटांचं एकच गाणं, सात तुकड्यांचं, आणि तुम्ही ढकललेला तुकडा हा त्याचा जीव आहे. गोष्ट अशी की साल २११२, सगळा कारभार सिरिंक्सच्या देवळांतल्या पुजाऱ्यांच्या हातात, लोकांनी काय वाचायचं काय ऐकायचं ते तेच ठरवणार. अशात एका पोराला धबधब्यामागच्या गुहेत एक गिटार सापडते. त्याने आयुष्यात गिटार पाहिलेली नाही, त्याला हे काय आहे तेच माहीत नाही. म्हणून बँडचा गिटारवाला अ‍ॅलेक्स लाइफसन आधी मोकळ्या तारा छेडतो, बेसूर, मग खुंट्या पिळत पिळत एकेक तार जुळवतो, मग हळूच एक कॉर्ड लागते, मग दुसरी, आणि कधी त्याचं गाणं होतं ते आपल्याला कळतही नाही. आपल्याकडे मैफलीआधी तानपुरे जुळवतात तेव्हा आपण बसतोच ना गप्प, तसंच बसा इथे. फरक एवढाच की इथे जुळवणं हीच गोष्ट आहे.

आणि किंचाळण्याबद्दल. गायक गेडी लीचा आवाज अनेकांना झेपत नाही, मलाही पहिल्यांदा नव्हता झेपला, पण या गाण्यात त्या आवाजाला काम आहे. पुजारी बोलतात तेव्हा तो वरच्या पट्टीत फाडतो, पोरगा बोलतो तेव्हा मऊ होतो. पोरगा गिटार घेऊन पुजाऱ्यांकडे जातो तो तुकडा परत ऐका, एक कडवं हळुवार की लगेच पुढचं अंगावर येणारं, दोन पात्रं एकाच गळ्यातून. पुजारी गिटार पायाखाली तुडवतात. पुढचं सांगत नाही.

प्र. तिघंच आहेत असं लिहिलंत, पण मला तर पाच-सहा जण वाजवतायत असं वाटतं. डबिंग? (नाशिक)

स्टुडिओत गिटारचे थर चढवलेत, हो. शिवाय सुरुवातीचा तो अवकाशातून आल्यासारखा सिंथेसायझर ह्यू साइमचा, ज्याने अल्बमच्या कव्हरचं डिझाइनही केलंय, आणि दुसऱ्या बाजूच्या 'टीअर्स'मधला मेलोट्रॉनही (टेपवर रेकॉर्ड केलेले सूर वाजवणारा कीबोर्ड) त्याचाच. पण खरी गंमत अशी की गेडी लीची बेस गिटार, म्हणजे बेस, मागे उभा राहून ताल धरत नाही, तो दुसऱ्या गिटारसारखा पुढे येऊन भांडतो, आणि नील पीअर्टचे ड्रम्स एकटेच दोघांची जागा खातात. लाइव्हमध्ये मात्र बराच काळ हे गाणं कापूनच वाजवायचे, १९७६च्याच टोरांटोच्या लाइव्ह अल्बममध्ये गुहेतला तुकडा गायब आहे! अख्खं गाणं स्टेजवर आलं ते थेट १९९६-९७च्या टूरमध्ये.

प्र. माझा मुलगा म्हणतो हा अल्बम आयन रँडचा प्रचार आहे, उजव्या लोकांचा बँड आहे. ऐकू का नको? (पुणे)

ऐका हो. अल्बमवर रँडबाईंचे, म्हणजे समाजापेक्षा एकट्या माणसाला मोठं मानणाऱ्या त्या अमेरिकी लेखिकेचे, आभार मानलेत हे खरं आणि गोष्ट त्यांच्या 'अँथम' कादंबरीच्या बरीच जवळ जाते हेही खरं. शब्द पीअर्टचे, तो तेव्हा तेवीस वर्षांचा होता, त्या वयात आपण काय काय वाचून भारावलो होतो ते आठवा. नंतर त्याने स्वतःच रँडपासून अंतर ठेवलं. सत्तरच्या दशकात ब्रिटनच्या संगीत-पत्रकारांनी यांना चक्क फॅसिस्ट ठरवलं होतं, आणि गेडी लीचे आईवडील नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले! मला विचाराल तर यातले पुजारी रेकॉर्ड कंपनीवाले आहेत. आधीचा १९७५चा 'करेस ऑफ स्टील' पडला होता, कंपनीला छोटी छोटी, रेडिओवर वाजतील अशी गाणी हवी होती, आणि या तिघांनी ठरवलं की बुडायचंच आहे तर आपल्या मनासारखं करून बुडू. लाइफसनचे वडील प्लंबर, पीअर्टच्या वडिलांचं शेतीच्या यंत्रांचं दुकान, म्हणजे परत जायला जागा होती. तर लांबलचक गाणंच पहिल्या बाजूला टाकलं आणि ते चाललं. अमेरिकेत पुढे तीस लाखांच्या वर प्रती गेल्या. आता या भांडणाच्या आठवणीनं ती पुजाऱ्यांची कडवी ऐकून बघा, पुस्तक आठवतं का ऑफिसमधली मीटिंग ते.

प्र. दुसऱ्या बाजूला 'अ पॅसेज टू बँकॉक' आहे. सासूबाई नुकत्याच थायलंड टूर करून आल्यात, त्यांना ऐकवू का? प्रवासवर्णन आहे ना? (डोंबिवली)

प्रवासवर्णन आहे, बोगोटा, जमैका, मोरोक्को, काठमांडू सगळं येतं त्यात. फक्त ही मंडळी देवदर्शनाला निघालेली नाहीत, जिथे जिथे उत्तम गांजा मिळतो तिथे तिथे थांबत चाललीयेत. चाल फार गोड आहे. सासूबाईंना इंग्रजी शब्द पटपट कळत असतील तर 'टीअर्स' लावा.