फिन्सबरी नव्हे, सेंट्रल फिन्सबरी

दादाभाई नौरोजींवर लेख लिहायला घेतलाय, पण लंडनमधल्या फिन्सबरी मतदारसंघाच्या खासदारांच्या यादीत त्यांचं नावच नाही, आणि त्यांच्या विजयाचं मताधिक्य कुठे 3 तर कुठे 5 दिसतं, हे तुमचं वाचलं आणि पोटात कालवलं. याच खड्ड्यात मी काही वर्षांपूर्वी पडलो होतो. 1892 मध्ये दादाभाई ब्रिटिश संसदेवर निवडून गेले, हे तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा मुद्द्यावर येतो.

तुम्ही चुकीच्या मतदारसंघाची यादी बघताय. 'फिन्सबरी' नावाचा मतदारसंघ दोनदा होऊन गेला. पहिला 1832 ते 1885, दोन खासदारांचा. दुसरा 1918 ते 1950, एका खासदाराचा. मधल्या काळात त्याचे तुकडे झाले होते. त्यातला क्लार्कनवेलचा भाग म्हणजे 'सेंट्रल फिन्सबरी', आणि दादाभाई तिथले खासदार. हा मतदारसंघ जेमतेम 33 वर्षं जगला.

मी मात्र लंडनच्या एका कार्यालयाला पाठवलेल्या अर्जात नुसतं 'फिन्सबरी' लिहिलं. सगळ्यात महागात पडली ती हीच चूक. शुल्क आधी भरून घेतलं. सात आठवड्यांनी प्रतींचा गठ्ठा आला, तो सगळा 1885 च्या आधीचा! त्यात थॉमस वेकली (लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक) होते, 1842 ची चार्टिस्टांची (कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चळवळीची) याचिका संसदेत मांडणारे डंकोम होते. मोठी माणसं, पण मला हवे होते दादाभाई. सोबत एक ओळ : 'या नावाचा सदस्य आढळला नाही.' मी अर्जात 1892 हे साल लिहिलं होतं. त्या साली फिन्सबरी नावाचा मतदारसंघच नव्हता, एवढं तिथल्या माणसाने सांगायला नको होतं का? दोनदा विचारणा केली, दोन्ही वेळा 'नवा अर्ज, नवं शुल्क' हेच उत्तर. तोवर ज्या अंकासाठी लिहीत होतो तो छापून गेला. अजूनही राग येतो. सगळीच कार्यालयं अशी नसतात हेही सांगतो; दुसऱ्या एका ग्रंथालयातल्या बाईंनी हीच गोष्ट मला दोन ओळींत समजावली.

आता 3 की 5. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, पण माझ्या मते दोन्ही आकडे द्यावेत. निकाल लागला तेव्हा 5 चं मताधिक्य होतं, फेरमोजणीत ते 3 झालं : दादाभाई 2,959, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे पेंटन 2,956. जवळजवळ सहा हजार मतं पडली आणि फरक तिघांचा, हे वाचकाला कळू द्या. नुसतं 'निसटता विजय' लिहून भागवू नका, ही विनंती.

आपल्याकडच्या लेखांत हमखास येणारी एक चूकही टाळा. ब्रिटिश मतदारसंघ 'काळा माणूस' निवडून देईल असं वाटत नाही, हे तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांचं वक्तव्य 1892 च्या प्रचारातलं नाही. ते एडिनबरोत 1888 च्या नोव्हेंबरमध्ये केलेलं, आणि तेही 1886 च्या होबर्न या लंडनमधल्याच दुसऱ्या मतदारसंघातल्या लढतीबद्दल, जी दादाभाई हरले होते. त्या वक्तव्याने दादाभाईंचं नाव घरोघर पोचलं. ते चार वर्षं पुढे ढकललं की सेंट्रल फिन्सबरीची सगळी गोष्ट उलटीपालटी होते.

'पहिले भारतीय खासदार' लिहिताना डाइस सोंब्रे आठवा. उत्तर भारतातल्या सरधन्याच्या शासक बेगम समरूंचा हा वारस 1841 मध्ये इंग्लंडमधल्या सडबरीतून निवडून आला होता, पण लाचखोरीवरून ती निवडणूक 1842 मध्ये रद्द झाली. तो मिश्र वंशाचा होता, त्यामुळे मतभेद आहेत. मी स्वतः दादाभाईंनाच पहिले मानतो, पण तळटीप हवी.

सेंट्रल फिन्सबरीच्या खासदारांची पूर्ण यादी लहान आहे : 1885 स्पेन्सली, 1886 पेंटन, 1892 दादाभाई, 1895 मॅसी-मेनवेअरिंग, 1906 स्टेडमन, आणि जानेवारी 1910 पासून 1918 पर्यंत मार्टिन आर्चर-शी. स्टेडमन हे कामगार चळवळीतले, त्यांच्यावर दोन ओळी जरूर लिहा. घड्याळं बनवणाऱ्या कारागिरांच्या क्लार्कनवेलने 1892 मध्ये मुंबईचा पारशी निवडला आणि 1906 मध्ये कामगारनेता, हे मला फार मोलाचं वाटतं. दादाभाईंची कारकीर्द तीनच वर्षांची, पण भारताच्या मुलकी सेवेची परीक्षा दोन्ही देशांत एकाच वेळी व्हावी, हा ठराव 1893 मध्ये कॉमन्सने (ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने) मंजूर केला तो त्याच काळात. सरकारने तो अमलात आणला नाही.

लंडनला कुणी नातेवाईक असतील आणि फोटो मागवणार असाल, तर त्यांना फिन्सबरी पार्कला पाठवू नका. ती बाग जुन्या फिन्सबरीच्या रहिवाशांसाठी म्हणून 1869 मध्ये उघडली, म्हणून ते नाव, पण आहे दूर उत्तरेला. माझ्या भाच्याचा अख्खा रविवार तिथे गेला. रोजबरी ॲव्हेन्यूवरचं जुनं टाउन हॉल सांगा; तिथे दादाभाईंच्या नावाची पाटी आहे आणि नौरोजी स्ट्रीटही त्याच भागात आहे.