वाचक विचारतात : जाहिरात संस्थेतली नोकरी गेली, पॅकेजिंगकडे वळू का?

प्रश्न : माझे वय ३६. बी.एफ.ए. करून नऊ वर्षे इंदुरातल्या एका जाहिरात संस्थेत ग्राफिक डिझायनर होते. बावीस जणांची संस्था. गेल्या महिन्यात आम्हा पाच जणांना एकाच दिवशी निरोप दिला. चित्रे आता एआयवर होतात, असे सांगितले. मूळ पगार २६,००० होता. घराचा हप्ता चालू आहे, मुलगी सहावीत आहे. सासूबाई म्हणतात, बी.एड. कर आणि शाळेत चित्रकला शिकव. धाकटे दीर पीथमपूरला औषध कंपनीत आहेत. ते म्हणतात, वहिनी, पॅकेजिंगच्या आर्टवर्कला नीट काम जाणणारी माणसं मिळत नाहीत. पण खोक्यावर औषधांची नावं बसवत राहायचं म्हणजे कला सोडल्यासारखंच नाही का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : दिरांचे ऐकावे, असे आमचे मत आहे. पण आधी पैशांचे पाहू.

दहा किंवा जास्त माणसांच्या संस्थेत पाच वर्षे पूर्ण केली की ग्रॅच्युइटी हक्काची असते, संस्थेची मेहरबानी नव्हे. हिशेब असा : पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षे. तुमच्या मूळ पगारावर वर्षाला १५,००० आणि नऊ वर्षांचे किमान १,३५,००० रुपये होतात. नोकरी संपल्यापासून ३० दिवसांत ते मिळायला हवेत. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

पीएफला शक्यतो हात लावू नका. पासबुकातल्या पेन्शनच्या रकान्यात दरमहा पैसे जमा होत आले असतील, तर तुमची नऊ वर्षे झाली आहेत आणि ५८ व्या वर्षी पेन्शन मिळायला दहा लागतात. पेन्शनचे पैसे आज काढले तर ही नऊ वर्षे पुसली जातात. नवी नोकरी लागली की त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावर, खाते वळवून घ्या. घराच्या हप्त्याचे बँकेशी आत्ताच बोला, पहिला हप्ता चुकण्याआधी.

बी.एड. वाईट नाही, पण त्यात हजेरी आणि शाळेतला सराव धरून दोन वर्षे जातात आणि तेवढा काळ मिळकत थांबते. शिकवण्याची आस असेल तर जरूर करावे. तुमच्या पत्रात ती आम्हाला दिसली नाही.

आता पॅकेजिंग. जाहिरातीतले चित्र थोडे इकडेतिकडे झाले तरी चालून जाते. पाकिटाची फाइल मशीनवर जाते, तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूकही दिसते आणि त्या फाइलवर कुणाला तरी सही करावी लागते. म्हणूनच इथे जाणता माणूस अजून लागतो.

आपल्या इंदूरच्या शेवेचे २०० ग्रॅमचे पाकीट घ्या. ते बहुधा ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने छापण्याच्या पद्धतीने, पारदर्शक फिल्मच्या आतल्या बाजूने, आरशातल्यासारखे उलटे छापलेले असते. शाई दोन थरांच्या मधे राहते, म्हणून हाताने घासली जात नाही. प्रत्येक रंगाला वेगळा कोरलेला सिलिंडर, आणि पांढरा हासुद्धा एक रंगच. लालच्या मागे पांढऱ्याचा थर द्यायला विसरलात तर मागच्या चंदेरी थरावर तो लाल मळकट दिसतो. चूक सिलिंडर कोरल्यावर सापडली तर सिलिंडर पुन्हा करावा लागतो. पाकिटाच्या कडेला एक छोटा गडद चौकोन दिसेल, तो आय-मार्क. पाकिटे भरणाऱ्या मशीनचा सेन्सर तो पाहून कापतो. डिझायनरने मागची नक्षी त्या पट्टीतून नेली की सेन्सर फसतो आणि काप नेमका नावावरून जातो. वरखाली जिथे सील बसते तिथेही अक्षर ठेवायचे नाही.

औषधाच्या कार्टनची तऱ्हा वेगळी. ग्लू फ्लॅपवर, म्हणजे गोंद लावायच्या पट्टीवर, शाई किंवा वॉर्निशचा पारदर्शक लेप आला तर गोंद धरत नाही आणि डबा पॅकिंगच्या लाइनवर उघडतो. बॅच नंबरची जागा वॉर्निशविना सोडायची, नाहीतर मागाहून छापलेली तारीख बोटाने पुसली जाते. बारीक अक्षरे फक्त काळ्या शाईत. चार रंगांतून केलेला काळा जरा सरकला की अक्षराला सावली येते. पांढऱ्या अक्षरावर चुकून ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापण्याची सेटिंग) राहिले तर अक्षर छापतच नाही, आणि ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू बंद असेल तर स्क्रीनवर मात्र ते दिसत राहते. बारकोडच्या रेघा लाल नकोत, कारण स्कॅनरचा प्रकाशच बहुधा लाल असतो. ईएएन-१३ हा तेरा अंकी बारकोड पूर्ण आकारात ठेवला तर डावीकडे ३.६३ आणि उजवीकडे २.३१ मिलिमीटर जागा मोकळी हवी. शिवाय कायदा : एकाच घटकाच्या औषधात जेनेरिक नाव ब्रँडच्या नावापेक्षा निदान दोन फॉन्ट-आकार मोठे लागते, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ठरलेल्या ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला.

तयारीला आठ आठवडे धरा. बाजारातून दहा गोळ्यांचे कार्टन, शेवेचे पाकीट आणि लोणच्याच्या बरणीचे लेबल आणा. कार्टन गोंदावरून अलगद उकलून सपाट करा, स्टीलच्या पट्टीने मोजा आणि त्याची डाय इलस्ट्रेटरमध्ये काढा : कापाची रेघ वेगळी, घडीची वेगळी, दोन्ही स्वतंत्र स्पॉट रंगात (चार रंगांत न मिसळणाऱ्या वेगळ्या रंगात) आणि ओव्हरप्रिंटवर. ३ मिलिमीटर ब्लीड द्या, म्हणजे रंग कापाच्या रेघेबाहेर तेवढा वाढवा. खऱ्या आकारात प्रिंट काढून कापा आणि घडी घाला. पहिल्यांदा झाकण बहुधा बसणार नाही, कारण पुठ्ठ्याची जाडी मापात धरायची राहिलेली असते. तीन-चार वेळा कराल तेव्हा हात बसेल. मग अ‍ॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये एकेक रंग बंद करून पाहायची सवय लावा. मोठ्या छपाईवाल्यांकडची महागडी सॉफ्टवेअर घरी विकत घेऊ नका, ती कामावर शिकता येतात.

पोर्टफोलिओ सहा पानांचा पुरे. त्यातले एक पान फक्त चुकांचे ठेवा : बाजारातल्या पाकिटावर काय चुकले, का चुकले, तुम्ही कसे दुरुस्त केले. मुलाखत घेणारा त्या पानावर थांबेल. सांवेर रोड आणि पीथमपूरचे कार्टनवाले, पाऊच छापणारे, सिलिंडर कोरणारे आणि औषध कंपन्यांचे पॅकेजिंग विभाग, सगळीकडे विचारा. सुरुवातीचा पगार जुन्यापेक्षा कमी सांगतील, त्याची तयारी ठेवा. रात्रपाळीत मशीनवर प्रूफ पाहायला जावे लागते का आणि शेवटची सही कुणाची, हे दोन प्रश्न तुम्हीच काढा. तपासनीस वेगळा नसेल आणि सही एकट्या तुमची असेल, तर तिथे जाऊ नये.

कला सोडण्याचे म्हणाल, तर आपल्याच इंदूरच्या देवळालीकर मास्तरांकडे शिकलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेनांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली आणि मुलांची खेळणीही डिझाइन केली. नऊ वर्षे अक्षर आणि रंग सांभाळलेली नजर खोक्यावरही लागतेच. उलट, दिवसभर ग्राहकाच्या आवडीचे चित्र काढण्याचा शीण उतरला की संध्याकाळी स्वतःचे चित्र काढायला बसता येते, आणि तुम्ही बसावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : जुन्या कंपनीत केलेली कामं मी पोर्टफोलिओत घालू शकतो का? काढून टाकताना कुणी काही बोललं नाही.
— एक ॲनिमेटर, वय २७, इंदूर

उत्तर : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाची पहिली मालकी मालकाची असते. कर्ता म्हणून तुमचे नाव तुमचेच राहते, पण त्याने फाइल दाखवायची मुभा मिळत नाही. प्रसिद्ध झालेल्या जाहिरातींसाठी जुन्या साहेबांना दोन ओळींचा ईमेल टाका आणि होकार लेखी घ्या. चांगले संबंध असतील तर बहुतेक जण देतात. ग्राहकाला दाखवून नाकारलेल्या कल्पना बाहेर काढूच नका, त्या गोपनीयतेच्या कलमात येतात. प्रत्येक कामाखाली तुमचा वाटा नेमका लिहा, जसे ‘पात्राची हालचाल माझी, पार्श्वभूमी सहकाऱ्याची’. आणि ऑफिसच्या ड्राइव्हवरून फाइल उतरवून घेतल्या असतील तर त्या आजच काढून टाका.