एमसीबी पाडला, तरी वायरला हात लावण्याआधी
एमसीबी (बोर्डातला सर्किट तोडणारा खटका) पाडला म्हणजे वायर मेली, असं धरून चालू नकोस. जुन्या घरात एकाच बोर्डात दोन सर्किटं आलेली असतात. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही करंट येत राहतो. त्याचं आउटपुट वेगळं तोड. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लाव, मग कामाच्या वायरला, मग परत चालू पॉइंटवर. मधेच टेस्टरच गेला तर कळणार कसं? न्यूट्रललाही (करंटच्या परतीच्या वायरलाही) गरीब समजू नकोस: चालू सर्किटचा न्यूट्रल सोडवलास, तर लोडकडच्या (दिवा-पंख्याकडच्या) टोकाला पूर्ण व्होल्टेज येतं. पाडलेल्या एमसीबीला कुलूप लाव, निदान चिकटपट्टी आणि चिठ्ठी तरी. ड्रिल चालेना म्हणून रंगारी खटका हमखास वर करतो. ग्राइंडर 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरूनच (करंट गळला की पुरवठा तोडणारा खटका) चालव, ओल्या प्लास्टरजवळ तर हट्टानेच.