रक्ताचा रिपोर्ट हातात आल्यावर

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांना रिपोर्टचा फोटो जोडलेला होता आणि कुठल्यातरी एका आकड्याभोवती लाल वर्तुळ होतं. रक्तविकारांची डॉक्टर म्हणून सांगते, आकड्यापुढची चांदणी संगणक छापतो. त्याला तुमचं वय माहीत नसतं, मागच्या वर्षीचा आकडा माहीत नसतो आणि तुम्हाला नेमकं काय होतंय तेही माहीत नसतं. म्हणून ज्यांनी लक्षणं, वय आणि जुने रिपोर्ट नीट लिहून पाठवले, त्यांनाच आधी घेतलं आहे.

प्रश्न : वय ५८, पुरुष. गेल्या वर्षी जिना चढताना धाप लागायची म्हणून तपासलं, तर हिमोग्लोबिन ९.१ निघालं. लोहाच्या गोळ्या घेतल्या, ते १२ वर गेलं, मग गोळ्या थांबवल्या. आता पुन्हा ९.४ आहे. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट नॉर्मल, फेरिटिन ७. घरातले ब्लड कॅन्सरच्या भीतीने हवालदिल झालेत. गोळ्या परत सुरू करू का? मला मूळव्याधीचा जुना त्रास आहे, त्यातूनच रक्त जात असेल असं वाटतं.

गोळ्या सुरू करा. पण गोळ्यांनी आकडा वर गेला म्हणून प्रकरण मिटलं, असं आता दुसऱ्यांदा समजू नका.

ब्लड कॅन्सरची भीती तुमच्या बाबतीत चुकीच्या जागी आहे. फेरिटिन ७ म्हणजे लोहाचा साठा रिकामा. अस्थिमज्जा रक्त बनवायला तयार आहे, तिला लोह मिळत नाही इतकंच. म्हणूनच गोळ्या मिळाल्याबरोबर हिमोग्लोबिन चढलं. खरा प्रश्न असा, की लोह जातंय कुठे?

हिशेब सोपा आहे. आतडं रोज अन्नातून जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषतं. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे रोज एक लहान चमचाभर रक्त गेलं तरी खातं तुटीत जातं. आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला चमचाभर रक्त पाझरलं, तर ते शौचात मिसळून जातं, डोळ्यांना काही दिसत नाही. त्या बाजूला आतडं रुंद असतं, आतला मळ पातळ असतो, त्यामुळे तिथे वाढणारी गाठ बराच काळ ना पोटात दुखवते ना शौच अडवते. कित्येकदा तिचं पहिलं आणि एकमेव लक्षण म्हणजे तुमच्यासारखं उतरलेलं हिमोग्लोबिन.

मासिक पाळी चालू असलेल्या बाईत लोह कमी निघालं तर कारण बहुतेक वेळा समोरच असतं. पुरुषात, किंवा पाळी गेलेल्या बाईत, ते शोधावं लागतं. जठरातला अल्सर, सांधेदुखीच्या गोळ्या किंवा अ‍ॅस्पिरिन, हुकवर्म म्हणजे आतड्यातले अंकुशकृमी, लोह शोषू न देणारा सीलिअ‍ॅक विकार, आतड्यातले पॉलिप आणि कॅन्सर, यांतलं काहीही असू शकतं. यासाठी दोन्ही बाजूंनी दुर्बीण लागते : तोंडातून एंडोस्कोपी आणि खालून कोलोनोस्कोपी.

मूळव्याधीचं म्हणाल, तर ती असेलही. पण मूळव्याध असलेल्या माणसाला आतड्याची गाठ होत नाही, असा काही करार झालेला नाही! ‘मूळव्याधीतूनच जात असेल’ या एका वाक्याने मी तपासण्या फार लांबलेल्या पाहिल्या आहेत. शौचातलं अदृश्य रक्त तपासून ते ‘निगेटिव्ह’ आलं म्हणूनही थांबू नका, कारण पाझर रोज सारखा नसतो. आणि लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतंच, त्या रंगावरून काही ठरवू नका.

पॉलिप सापडला तर तो बहुतेकदा त्याच कोलोनोस्कोपीत काढता येतो. कॅन्सर निघाला आणि तो आतड्याच्या भिंतीपुरताच असेल, तर पुष्कळदा नुसत्या शस्त्रक्रियेने काम भागतं. एक वर्ष गेलंय, आणखी दोन महिने घालवू नका. गोळ्या मात्र हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवायच्या असतात, नाहीतर साठा भरत नाही.

प्रश्न : मुलगी २४ वर्षांची आहे. ऑफिसच्या तपासणीत प्लेटलेट ३८,००० आल्या. तिला काहीच त्रास नाही. प्लेटलेट चढवाव्या लागतील का? ल्युकेमिया असेल का?

चढवायचं नाव काढण्याआधी लॅबला एकच गोष्ट विचारा : रक्ताची काच, म्हणजे रक्ताचा थेंब पसरलेली स्लाइड, कोणी डोळ्यांनी पाहिली का?

प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असाव्यात. ३८,००० ही घसरण मोठी आहे, पण तुम्ही लिहिता की हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर निळे डाग नाहीत, पाळी नेहमीसारखी आहे, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी उत्तम. मग मला आधी मशीनचा संशय येतो. सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. ते गोठू नये म्हणून त्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं. काही माणसांच्या प्लेटलेट या रसायनात एकमेकींना चिकटतात. हे शरीरात घडत नाही, फक्त नळीत घडतं. मशीन प्रत्येक कणाचं आकारमान पाहून मोजतं, त्यामुळे वीस-पंचवीस प्लेटलेटचा पुंजका त्याच्या लेखी प्लेटलेटच नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र चित्र लख्ख दिसतं : काचेवरच्या फिल्मच्या शेपटीकडच्या कडेला जांभळट, दाणेदार पुंजके साचलेले असतात. मी रोज सकाळी काचा पाहते आणि असे पुंजके अधूनमधून भेटतातच. निळ्या झाकणाच्या, म्हणजे सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेऊन लगेच मोजलं, की आकडा बहुधा जागेवर येतो.

पुंजके नसतील आणि प्लेटलेट खरंच कमी असतील, तर आयटीपीचा विचार करावा लागेल. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते. त्यातही आकडा तीस हजारांच्या वर असेल आणि रक्तस्राव नसेल, तर बहुतेक मोठ्यांना नुसतं लक्ष ठेवून सोडतो. आयटीपीत चढवलेल्या प्लेटलेटही तशाच नष्ट होतात, म्हणून जीवघेणा रक्तस्राव असल्याशिवाय त्या चढवत नाहीत.

तीव्र ल्युकेमिया सहसा एका आकड्याने येत नाही. हिमोग्लोबिन उतरतं, पांढऱ्या पेशी खूप वाढतात किंवा खूप घटतात, ताप हटत नाही, आणि पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके येतात. त्या ठिपक्यांवर काचेचा पारदर्शक ग्लास दाबून पाहा. साधं पुरळ दाबाने फिकं पडतं, कातडीखाली झिरपलेलं रक्त तसंच लाल राहतं. असे ठिपके दिसले तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही.

प्रश्न : मानेवर दोन महिन्यांपासून गाठ आहे, दुखत नाही. डॉक्टर म्हणतात काढून तपासू. सासूबाई म्हणतात, गाठीला सुरी लागली की ती पसरते.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि गाठ काढून घ्या. बायोप्सीने लिम्फोमा, म्हणजे अशा लसीका ग्रंथींचा कॅन्सर, पसरत नाही. गाठ न दुखणं ही तर दिलासा देणारी गोष्टच नव्हे. घसा किंवा दात बिघडल्यावर येणारी गाठ दुखते आणि दोन-चार आठवड्यांत ओसरते.

फक्त सुईने पेशी काढून भागवू नका. लिम्फोमाचा प्रकार ठरवायला गाठीची आतली रचना पाहावी लागते, आणि ती पूर्ण गाठ हातात असली तरच नीट कळते. निदान होईपर्यंत कोणी दिलेलं स्टिरॉइड घेऊ नका. त्याने लिम्फोमाची गाठ विरघळल्यासारखी लहान होते, सगळे खूश होतात आणि मग तपासायला काहीच उरत नाही. क्षयाची औषधंही अंदाजाने नकोत. रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम, सततचा ताप, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटणं, यांतलं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रश्न : आई ६६ वर्षांची. सहा महिने कंबर दुखतेय, वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढतेय. आता हिमोग्लोबिन ८.८, ईएसआर ११०, क्रिएटिनिन २.१. मायलोमाचा संशय आहे म्हणून बोनमॅरो करायला सांगितलं. नातेवाईक सांगतात की पाठीच्या कण्यात सुई घालतात, पाय लुळे पडतात. नाही केली तर चालेल का?

आधी वेदनाशामक गोळ्या बंद. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या क्रिएटिनिन २.१ पर्यंत चढलेल्या, आधीच दमलेल्या किडनीला आणखी खड्ड्यात घालतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किंवा दुसरं काही डॉक्टर देतील.

कंबरदुखी, रक्त कमी आणि किडनी नाजूक, हे तिन्ही एकाच बाईत एकाच वेळी असेल तर हाडांच्या डॉक्टरांनीही मायलोमाचा विचार करावा. मायलोमात मज्जेतल्या प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात, हाडं पोखरतात आणि एकाच छापाचं प्रथिन रक्तात ओततात. लघवीच्या साध्या पट्टीवर ते प्रथिन अनेकदा दिसतच नाही, कारण पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन पकडते. म्हणून सीरम इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन या तपासण्या करा. कॅल्शियमही पाहा. आईला अलीकडे फार तहान, बद्धकोष्ठ किंवा बोलण्यात गोंधळ जाणवत असेल तर ते आजच.

आता सुईबद्दल. ती कण्यात घालत नाहीत. आई कुशीवर झोपेल, कमरेखाली मागच्या बाजूला जिथे खळी दिसते तिथला कटीच्या हाडाचा उंचवटा डॉक्टर अंगठ्याने चाचपतील. त्या हाडात मज्जारज्जू नसतो, त्यामुळे पाय लुळे पडायचा प्रश्नच नाही. आधी कातडी आणि हाडावरचं आवरण बधिर करतात. सुई हाडात शिरताना दाब जाणवतो, पण दुखत नाही. सिरिंजने मज्जा ओढतात तो क्षण मात्र वाईट असतो. मांडीपर्यंत एक तीव्र कळ जाते, बधिरतेचं औषध तिथवर पोचत नाही. मी पेशंटला आधीच सांगते, ‘आता पाच सेकंद मला शिव्या दिल्या तरी चालतील.’ मग पेन्सिलीतल्या शिशासारखा हाडाचा दीड-दोन सेंटीमीटरचा तुकडा काढतात, वर पट्टी लावतात आणि थोडा वेळ त्याच जागेवर उताणं झोपवतात. काढलेली मज्जा भरून येते, अशक्तपणा त्याने येत नाही.

तपासणी टाळून उपचार करता येत नाहीत. मायलोमा पूर्ण बरा होतो असं मी सांगणार नाही, पण बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड यांसारख्या औषधांनी पुष्कळ जण वर्षानुवर्षं चांगले राहतात. गर्भातल्या बाळांना व्यंग येतं म्हणून १९६१ मध्ये बाजारातून काढून टाकलेलं थॅलिडोमाइड १९९९ मध्ये याच आजारात उपयोगी ठरलं आणि लेनालिडोमाइड हे त्याचंच पुढचं भावंड. औषधांच्या नशिबातही असे फेरे असतात.

प्रश्न : सीएमएलसाठी (एक प्रकारचा दीर्घकालीन ब्लड कॅन्सर) दोन वर्षं इमॅटिनिब घेतोय. सगळे काउंट नॉर्मल आहेत. पाय वळतात, डोळ्यांखाली सूज येते. आता गोळी बंद करून पाहू का?

स्वतःच्या मनाने मुळीच नाही. काउंट नॉर्मल होणं ही या आजारातली पहिली पायरी. तुमचा खरा आकडा सीबीसीत नाही, बीसीआर-एबीएल पीसीआरमध्ये, म्हणजे उरलेला आजार जनुकावरून मोजणाऱ्या चाचणीत आहे, आणि तो तुम्ही कळवलेला नाही.

तुमच्या आजाराला मोठा इतिहास आहे. १९६० मध्ये फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं, की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केलेत. त्या सांध्यातून तयार होणारं प्रथिन पेशींना थांबू देत नाही. नेमकं तेच प्रथिन बंद पाडणारी तुमची गोळी अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झाली.

गोळी थांबवण्याचा प्रयोग होतो. पण अनेक वर्षं औषध घेतलेल्या, त्यातली किमान दोन वर्षं पीसीआर अतिशय खालच्या पातळीवर टिकलेल्या लोकांत, आणि तोही सुरुवातीला दर महिन्याला तपासणी करत. तरीही जवळपास निम्म्यांत आजार परततो, बहुधा पहिल्या सहा महिन्यांत. वेळीच पकडला तर गोळीने पुन्हा आटोक्यात येतो. वळणारे पाय आणि सूज यांवर उपाय आहेत. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्या, कॅल्शियम-मॅग्नेशियम तपासून घ्या, नाहीच जमलं तर याच गटातली दुसरी औषधं आहेत. मधूनमधून गोळी चुकवणं मात्र सगळ्यांत वाईट, त्याने आजाराला औषध पचवायला शिकण्याची संधी मिळते.

प्रश्न : यजमानांना लिम्फोमासाठी केमो देऊन दहा दिवस झाले. संध्याकाळी १०१ ताप आला, पॅरासिटामॉल दिली, उतरला. घसा लाल नाही, खोकला नाही. सकाळपर्यंत थांबू का?

ताई, तुम्हाला त्याच संध्याकाळी ‘आत्ता निघा’ असं कळवलं होतं. बाकीच्यांसाठी इथे लिहिते.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, पाचशेच्या खाली असल्या तर जंतूंशी लढायला कोणी नसतं, आणि मग घसा लाल होत नाही, पू होत नाही, एक्स-रेही स्वच्छ दिसू शकतो. लाली आणि पू या पेशींच्याच कामाच्या खुणा असतात. ताप हे एकच लक्षण उरतं आणि पॅरासिटामॉलने तेही झाकलं जातं. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचं. थंडी वाजून हुडहुडी भरली असेल, तर थर्मामीटर काहीही म्हणो. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून पहिलं अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे.

तिथे गेल्यावर ‘ताप आलाय’ एवढंच म्हणू नका. ‘अमुक तारखेला केमो झाली आहे, न्यूट्रोफिल कमी असतील’ हे पहिल्या वाक्यात सांगा. पॅरासिटामॉल किती वाजता दिली तेही सांगा, म्हणजे आत्ता ताप नाही म्हणून कोणी तुम्हाला बाकावर बसवून ठेवणार नाही.