कुत्र्याच्या स्नायूंसाठी पूरके : सुरुवात करताना
आपल्या वयस्क कुत्र्याच्या मांड्या बारीक होत आहेत हे आपण वेळीच ओळखलेत आणि स्नायूंसाठी पूरके (सप्लिमेंट्स) कशी सुरू करावीत हे विचारलेत, ते उत्तम झाले. अनेक जण वजनाचा आकडा पाहून निश्चिंत राहतात, पण वाढलेल्या चरबीआड स्नायूंची झीज सहज लपते, म्हणून दर महिन्याला पाठ, खांदे आणि मांड्या हाताने चाचपून पाहाव्यात.

पूरक घेण्याआधी पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी, कारण झिजेमागे सांधेदुखी, मूत्रपिंडाचा विकार किंवा कुशिंग आजार (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होणे) असेल, तर केवळ पावडरीने ती थांबत नाही. मूत्रपिंडे ठीक असतील तर पुरेशी प्रथिने आणि रोजचे चालणे हाच पाया समजावा.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा :

- माणसांची प्रोटीन पावडर देणे. तिच्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असल्यास कुत्र्याची रक्तशर्करा धोकादायकरीत्या घसरते आणि यकृतालाही इजा होऊ शकते.
- माशाचे तेल आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल एकच मानणे. दुसऱ्यात अ आणि ड जीवनसत्त्वे भरपूर असतात व त्यांचा अतिरेक विषारी ठरतो.
- तीन-चार पूरके एकदम सुरू करणे. मग जुलाब कशाने झाले, हेच कळत नाही.

माझ्या मते पशुवैद्यांनी ठरवलेल्या मात्रेत फक्त ओमेगा-३ (माशाच्या तेलातील स्निग्धाम्ले) सुरू करून ६ ते ८ आठवडे थांबावे. ल्यूसीन (प्रथिनांतील एक अमिनो आम्ल) आणि एचएमबी (ल्यूसीनपासून शरीरात बनणारा पदार्थ) या स्नायूंसाठीच्या पूरकांचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.