आजोबांची पेन्शन आणि तुझी नोकरी

बाळा,

तुझा मेसेज वाचला. आजोबांना बघायला घरात कोण नाही म्हणून बेळगावातली उद्यमबागची नोकरी सोडणार म्हणतीस. थांब की जरा. सरकार जे काय देतंय ते म्हाताऱ्या माणसाला, नुसतं आजोबाला सांभाळते म्हणून नातीच्या खात्यावर महिन्याला पैसे येतील असं आपल्याकडं नाही. केरळात आश्वासकिरणम् म्हणून अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांना महिना 600 रुपये देतात, तेवढ्यात कुणाचं घर चालतंय सांग.

आधी संध्या सुरक्षा बघ, कर्नाटक सरकारची म्हाताऱ्यांची पेन्शन. 65 पूर्ण पाहिजेत, उत्पन्नाचा दाखला लागतो, महिन्याला 1200 येतात. विणकरांना ती योजना लागू आहे आणि आजोबांचा जन्म वडगावात मागावर गेलाय, त्यामुळं अर्ज करायलाच पाहिजे, फक्त दुसरी कुठली पेन्शन चालू नको. नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या इथल्या ऑफिसात, जाऊन अर्ज दे, पण आजोबा रिक्षात बसू शकतायत तोवर, कारण मागावर घासून बोटं गुळगुळीत झालेली असली की मशीन अंगठा घेत नाही, ओल्या फडक्यानं पुसून चारदा दाबला तरी लाल लाईट, मग डोळे स्कॅन करा म्हणतात आणि अंथरुणावरच्या माणसाला तिथं कसं नेणार. रेशन कार्डावर कन्नडात लिहिलेलं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का तेही बघ, आपल्याकडं अर्ज अडकतात ते ह्यातच जास्त. 1200 त डायपर आणि बीपीच्या गोळ्या निघाल्या तरी पुष्कळ, म्हणून सांगतोय तुझा पगार सोडू नको.

दवाखान्याचं म्हणशील तर बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक ह्या सरकारी योजनेत घराला वर्षाला 5 लाखापर्यंत उपचाराचा खर्च आहे, पण इमर्जन्सी सोडली तर आधी सरकारी दवाखान्यातनं रेफर लागतंय, थेट खाजगीत ॲडमिट केलात तर बिल तुमच्या गळ्यात. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांना त्यांची उपचाराची महात्मा फुले योजना लावली, कर्नाटकानं हरकत घेतली, ह्या ओढाताणीत पेशंट कशाला अडकवायचा? कोल्हापूर-मिरजेला न्यायचं झालं तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, आधी फोन करून विचार.

आता खरं अवघड. तुझे काका घर नावावर करून द्या म्हणून मागं लागलेत ना? आजोबांना सही करू देऊ नको, निदान बक्षीसपत्रात सांभाळायची अट स्पष्ट लिहिल्याशिवाय तर नाहीच. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे, अट असून सांभाळलं नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. मुलगा खर्च देत नसेल तर एसी म्हणजे असिस्टंट कमिशनरच्या ऑफिसातल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, वकील नसला तरी चालतंय, महिना 10 हजारापर्यंत पोटगी मिळू शकते. काकांना हे नुसतं कानावर घाल. बऱ्याच घरात तेवढ्यानंच पोरं वाटणी करून घेतात, दिवसा कोण आणि रात्री कोण. आणि ती वाटणी होताना नात आहे, ती करेल, असं कुणी म्हटलं तर गप्प बसू नको, घरात पुरुष माणसं आहेत की.

काका ऐकेनात तर 14567 ला फोन लाव, ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे. आणि रविवारी घरी ये, रेशन कार्ड, आधार, बँकेचं पासबुक घेऊन, झेरॉक्स दोन-दोन काढ. फॉर्म कन्नडात असतोय, मी भरून देतो.